रामबाग पॅलेस: महाराजांनी स्वतःच्याच घराचं हॉटेल का केलं?

दिवाळीनंतर आम्ही घरचे नऊ जण जयपूरला गेलो होतो, सोबत मामा. मामा म्हणजे गाडीत पैसे देऊन गाईड बसवलेला असला तरी त्यालाच माहिती सांगणारा माणूस. रामबाग पॅलेसच्या गेटसमोरून गाडी निघाली तसं मामांनी काच खाली केली आणि जाहीर केलं, "इंदिराबाईंनी तनखे बंद केले ना, म्हणून बिचाऱ्यांना घराचं हॉटेल करावं लागलं." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीपण डोलावली, कारण शाळेपासून आपण हेच ऐकत आलोय.

रात्री रूमवर येऊन सहज तारखा बघितल्या तर गणित जुळेना. तनखे, म्हणजे संस्थानं विलीन केल्याच्या बदल्यात सरकार माजी राजांना दरवर्षी द्यायचं ती रक्कम, बंद झाले 1971 च्या डिसेंबरात, आणि रामबागचं हॉटेल झालं 1957 मध्ये. चौदा वर्षं आधी! उदयपूरच्या तलावात तो पांढराशुभ्र लेक पॅलेस आहे ना, तोही 1963 चा. म्हणजे तनखा खिशात पडत असतानाच या लोकांनी घराला रिसेप्शन काउंटर लावला होता. मग का लावला? हे नीट समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं आणि थोडा इन्कम टॅक्सही बघावा लागतो, पण घाबरू नका, पाचवीतल्या टक्केवारीच्या पुढे काही नाहीये.

आधी वाडा बघू. रामबाग मुळात राजवाडा नव्हताच. 1835 च्या सुमाराला जयपूरच्या तटबंदीबाहेर एक बागेतलं साधं घर बांधलं गेलं आणि ते कुणासाठी, तर राणीच्या मर्जीतल्या केसर बडारन नावाच्या दासीसाठी. पुढे महाराजा राम सिंह यांच्या नावावरून ते रामबाग झालं. तेव्हा आजूबाजूला दाट जंगल होतं, म्हणून 1887 मध्ये त्याची शिकारीची कोठी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर सॅम्युअल स्विंटन जेकब या इंग्रज इंजिनिअरच्या आराखड्यावरून ते वाढवलं, घुमट आले, छत्र्या आल्या, कमानी आल्या. 1925 पासून ते महाराजांचं कायमचं घर. म्हणजे दासीचं घर, मग शिकारकोठी, मग महाल, मग हॉटेल. इमारतीनं आयुष्यात चार नोकऱ्या बदलल्यात म्हणा ना.

हे महाराज म्हणजे सवाई मान सिंह दुसरे. पोलोचे एवढे वेडे की 1933 मध्ये टीम आणि घोडे घेऊन इंग्लंडला गेले आणि तिथल्या सगळ्या मोठ्या स्पर्धा जिंकून आले. 1940 मध्ये त्यांनी तिसरं लग्न केलं ते कूचबिहारच्या गायत्रीदेवींशी. इथे आपला एक धागा लागतो. गायत्रीदेवींच्या आई म्हणजे बडोद्याच्या इंदिराराजे गायकवाड, सयाजीराव महाराजांची लेक. इंदिराराजेंचं लग्न ठरलं होतं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी, आणि बाईंनी स्वतः पत्र लिहून ते मोडलं आणि 1913 मध्ये लंडनला कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केलं. शंभर वर्षांपूर्वी! तर रामबागची ती जगप्रसिद्ध महाराणी आजोळाकडून मराठी घराण्यातली, सयाजीरावांची नात. शिंद्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे एका वेगळ्याच कारणाने परत येणारे.

आता पैशाकडे. स्वातंत्र्याच्या आधी महालाचा खर्च कोण करायचं? संस्थान. शेतसारा, जकात वगैरे सगळं राज्याच्या तिजोरीत यायचं आणि त्यातूनच राज्याचा आणि राजाचा खर्च चालायचा. काही ठिकाणी राजाच्या खाजगी खर्चाची मर्यादा ठरलेली असायची, पण एकूण काय, महालाचं छप्पर गळलं तर तो प्रश्न राजाच्या खिशाचा नव्हता, राज्याच्या बजेटचा होता.

1947 ते 49 मध्ये संस्थानं विलीन झाली. आपल्याकडे सांगली, औंध, फलटण मुंबई राज्यात गेली, तिकडे जयपूर, जोधपूर, उदयपूर, बिकानेर मिळून मोठं राजस्थान झालं. विलीन होताना प्रत्येक राजाने एक यादी द्यायची होती: कुठली मालमत्ता माझी खाजगी आणि कुठली राज्याची. कचेऱ्या, तुरुंग, दवाखाने राज्याकडे गेले, महाल बहुतेक राजांनी स्वतःकडे ठेवले. ठेवणारच ना, कुणीपण ठेवेल. पण खरी गोम इथेच आहे. महसूल गेला सरकारकडे आणि महाल राहिला राजाकडे, म्हणजे उत्पन्नाचा नळ शेजाऱ्याच्या अंगणात आणि गळकी टाकी आपल्या डोक्यावर.

बदल्यात मिळाला तनखा, प्रिव्ही पर्स. पुष्कळ लहान संस्थानांसाठी एक फॉर्म्युला लावला गेला: वार्षिक उत्पन्नाच्या पहिल्या 1 लाखावर 15 टक्के, पुढच्या 4 लाखांवर 10 टक्के, त्याच्या वर साडेसात टक्के, आणि कमाल मर्यादा 10 लाख. समजा संस्थानचं उत्पन्न 10 लाख होतं. मग पहिल्या लाखाचे 15 हजार, पुढच्या चार लाखांचे 40 हजार, उरलेल्या पाच लाखांचे साडेसदतीस हजार, एकूण 92 हजार 500 वर्षाला. दहातला एकसुद्धा पूर्ण नाही. मोजक्या मोठ्या संस्थानांना दहा लाखांच्या वर मिळालं, जयपूरला 18 लाख, म्हैसूरला 26 लाख. आणि दुसऱ्या टोकाला सौराष्ट्रात कटोडिया म्हणून एक संस्थान होतं, त्याच्या राजाचा तनखा वर्षाला 192 रुपये. महिन्याला 16 रुपये, आणि तरी कागदोपत्री राजा.

18 लाख म्हणजे त्या काळात प्रचंड रक्कम, यात वादच नाही, राजांची कीव करायला मी बसलेलो नाही. पण दोन गोष्टी बघा. एक म्हणजे ही रक्कम गोठलेली होती. महागाई वाढली म्हणून तनखा वाढणार नव्हता, पगारदार माणसाला निदान महागाई भत्ता मिळतो, राजाला डीए नव्हता. आणि दुसरं, जबाबदाऱ्या गोठलेल्या नव्हत्या. पिढ्यानपिढ्या नोकरीला असलेली माणसं, देवळांची पूजा, सण-समारंभ, घोडे, हत्ती, लांबची नातेवाईक मंडळी, हे सगळं राजाच्या गळ्यात तसंच राहिलं. राज्य गेलं म्हणून माहुताला कोण सांगणार की उद्यापासून येऊ नकोस?

जयपूरच्या बाबतीत अजून एक वळण आहे. राजस्थान झाल्यावर मान सिंह राजप्रमुख झाले. राजप्रमुख म्हणजे आजच्या राज्यपालासारखं पद, फक्त त्यावर माजी राजा बसवलेला. रामबाग तेव्हा राजप्रमुखांचं निवासस्थान होतं, पाहुणे यायचे, सरकारी समारंभ व्हायचे, त्यामुळे त्या भव्यतेला काहीतरी कारण होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली आणि राजप्रमुख हे पदच रद्द झालं. आता हे मोठाले दिवाणखाने कुणासाठी उघडायचे? पुढच्याच वर्षी हॉटेल झालं. माझ्या मते मामांच्या 1971 पेक्षा ही 1956 ची तारीख जास्त महत्त्वाची आहे, पण ती कुणाला पाठ नसते, कारण त्यात भांडण नाही.

आणि आता टॅक्स. योगायोग म्हणा, 1957 मध्येच देशात वेल्थ टॅक्स आला, म्हणजे तुमच्याकडे जी संपत्ती आहे तिच्यावर दरवर्षी कर, ती कमावते का नुसती उभी आहे याच्याशी संबंध नाही. राजांना त्यात सूट होती, पण कशाला, तर सरकारने अधिकृत निवासस्थान म्हणून जाहीर केलेल्या एका इमारतीला. एका! ज्याच्याकडे शहरात एक महाल, शहराबाहेर दुसरा, थंड हवेच्या ठिकाणी तिसरा, त्याने बाकीच्यांचं काय करायचं? त्याआधी 1953 मध्ये इस्टेट ड्यूटी आली होती, म्हणजे मालक वारला की वारसाने मालमत्तेवर भरायचा कर.

पण हॉटेल का, याचं खरं उत्तर मला वाटतं इन्कम टॅक्सच्या एका साध्या गोष्टीत आहे आणि ती उदाहरणानेच समजते. तनखा करमुक्त होता, पण शेअर्स, भाडी वगैरे बाकीच्या कमाईवर कर होताच, आणि त्या काळात सगळ्यात वरच्या उत्पन्नाला तो 80 टक्क्यांच्या आसपास जायचा (1973-74 मध्ये तर सरचार्ज धरून 97.75 टक्क्यांवर गेला, हो, शंभरातले सव्वादोन रुपये तुमचे). समजा बागेत एक माळी आहे, पगार 100 रुपये. माळी तुमच्या घराचा असेल तर त्याचा पगार कर भरून उरलेल्या पैशातून द्यायचा. 80 टक्के कराने हातात 100 उरायला आधी 500 कमवावे लागतात. आता त्याच बागेवर हॉटेलची पाटी लावा. माळी हॉटेलचा नोकर झाला, त्याचा पगार हा धंद्याचा खर्च झाला, आणि धंद्याचा खर्च आधी वजा होतो, कर नंतर लागतो. म्हणजे 100 कमवा, 100 माळ्याला द्या, नफा शून्य, कर शून्य. तोच माळी, तीच बाग, तेच गुलाब, पण 500 च्या जागी 100. रामबागची बाग आज 47 एकर सांगतात, म्हणजे किती माळी लागत असतील ते तुम्हीच बघा. महाराजांनी बसून नेमकं हेच गणित मांडलं होतं असं मी म्हणत नाहीये, पण कुठलाही बरा सीए त्या काळात हेच सांगेल.

शिवाय वेळ चांगली होती. जेट विमानं येऊ घातली होती, 1960 मध्ये एअर इंडियाकडे बोइंग 707 आलं, सरकारला परकीय चलनाची भूक होती आणि परदेशी पाहुण्यांना उतरायला दिल्ली-मुंबई-कलकत्त्याबाहेर चांगली हॉटेलं फारशी नव्हती. ज्याच्याकडे तयार महाल आहे, नोकरवर्ग आहे, पाहुणचार रक्तात आहे, त्याला सुरुवात करायला बांधकामाचा खर्चच नाही.

घरात हे कुणाला आवडलं नव्हतं. गायत्रीदेवींनाही सुरुवातीला रुचलं नाही, त्यांनी पुढे आठवणींमध्ये ते लिहूनही ठेवलंय. विचार करा, काल जो आपला दिवाणखाना होता तिथे आज अनोळखी माणूस मेन्यूकार्ड वाचत बसलाय. कुटुंब राजमहाल नावाच्या दुसऱ्या, जरा लहान महालात राहायला गेलं. लहान म्हणजे त्यांच्या हिशोबाने लहान, आपल्या हिशोबाने त्यात अख्खी सोसायटी मावेल.

महालाचं हॉटेल करणं म्हणजे नुसती पाटी बदलणं नाही हेही सांगायला हवं. महाल राहण्यासाठी बांधतात, खोल्या भाड्याने देण्यासाठी नाही. पाहुण्याला पहिल्यांदा काय लागतं, तर खोलीला जोडलेलं बाथरूम आणि गरम पाणी, आणि जुन्या महालात खोल्या चाळीस असतील तर बाथरूम चाळीस असतीलच असं नाही. स्वयंपाकघर लांब कुठेतरी मागच्या अंगणात, कारण धूर नको आणि वीस नोकर धावायला असतातच, पण हॉटेलात सूप टेबलावर गरम पोचायला हवं. भिंती एवढ्या जाड की वायर आणि पाइप टाकायचे तर महिनोन्‌महिने ठाकठूक. रामबागचं नशीब असं की मान सिंहांनी तो आधीच बराच आधुनिक करून घेतला होता, त्यामुळे तिथे हे तुलनेने सोपं गेलं. उदयपूरला जास्त त्रास. तिथला जगनिवास, म्हणजे तोच लेक पॅलेस, 1746 मध्ये बांधून झालेला, उन्हाळ्यात हवा खायला बांधलेला तलावातला महाल, आणि तो वापरात नसल्याने खराब झालेला. महाराणा भगवत सिंहांनी तो हॉटेल करायला घेतला तेव्हा प्रत्येक पलंग, प्रत्येक पाइप होडीतून न्यायचा होता.

आता येऊया मामांच्या 1971 कडे, कारण ती गोष्टही भारी आहे आणि आपल्याकडे ती नेहमी अर्धीच सांगतात. तनखे रद्द करायला घटना बदलायला हवी होती, कारण तनख्याची हमी घटनेत कलम 291 मध्ये लिहिलेली होती. सप्टेंबर 1970 मध्ये बिल लोकसभेत पास झालं. राज्यसभेत दोन तृतीयांश मतं लागत होती, बाजूने पडली 149, विरोधात 75. एकूण 224, त्याचे दोन तृतीयांश करा बघू, 149.33 येतात. म्हणजे बिल पडलं ते एका मताच्या तिसऱ्या हिश्शाने! मग सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यताच काढून घेतली, की राजाच नाही तर तनखा कुणाला. त्याविरुद्ध राजे सुप्रीम कोर्टात गेले, आणि खटल्याचं नाव काय, तर माधवराव शिंदे विरुद्ध भारत सरकार. हे माधवराव म्हणजे इंदिराराजेंनी ज्यांना नकार दिला त्यांचे नातू. राजांच्या बाजूने नानी पालखीवाला उभे राहिले, डिसेंबर 1970 मध्ये राजे जिंकले. मग मार्च 71 ची निवडणूक झाली, इंदिरा गांधी प्रचंड बहुमताने आल्या आणि 28 डिसेंबर 1971 पासून सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे, पदव्या सगळं संपलं. हे बघायला मान सिंह नव्हते, जून 1970 मध्येच इंग्लंडला पोलो खेळताना ते गेले.

म्हणजे 1971 चा काही संबंधच नाही असं नाही. 1957 मध्ये हॉटेल काढणं ही एका राजाची युक्ती होती, 71 नंतर ती बाकीच्यांची गरज झाली. त्यात 1976 मध्ये शहरी जमीन कमाल मर्यादा कायदा आला, म्हणजे शहरात मोकळी जमीन किती ठेवायची यावर बंधन, आणि महाल म्हणजे तर मधे इमारत आणि भोवती मोकळी जमीनच. आणीबाणीत गायत्रीदेवी पाच महिन्यांवर तिहारमध्ये होत्या, ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदेही तिथेच. एकूण राजेपण मिरवण्याचे ते दिवसच नव्हते, बिल फाडणं जास्त सुरक्षित होतं.

याच काळात ताज ग्रुप आला. लेक पॅलेस 1971 मध्ये, रामबाग 1972 मध्ये. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो की मग महाल टाटांनी विकत घेतला का. नाही. अशा व्यवहाराचे साधारण दोन प्रकार असतात. एक लीज, म्हणजे आपण गाळा भाड्याने देतो तसं: कंपनी ठरलेलं भाडं देणार, नफा-तोटा तिचा. दुसरा मॅनेजमेंट करार, म्हणजे हॉटेल मालकाचंच, कंपनी नाव देणार, माणसं ट्रेन करणार, बुकिंग आणणार आणि उत्पन्नातून फी घेणार, उरलं ते मालकाचं आणि नाही उरलं तर तेही मालकाचंच. दोन्हीत इमारतीची मालकी घराण्याकडे किंवा घराण्याच्या कंपनीकडे राहते. त्याचा एक साइड इफेक्टही आहे. घर कंपनीचं झालं की वाटणी खोल्यांची होत नाही, शेअर्सची होते, आणि शेअर्सवरून भावकीत भांडणं लागली की ती कोर्टात पिढी पुरते. जयपूर घराण्यातही हॉटेल कंपन्यांच्या शेअर्सवरून असे खटले वर्षानुवर्षं चालले. बांधावरून भांडणाऱ्या आपल्या गावाकडच्या चुलत्यांपेक्षा फार वेगळं नाही, फक्त बांध जरा महाग.

जोधपूरचा उमेद भवन हा सगळ्यात हुशार नमुना. 1929 ला पाया घातला, दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधायला काढलेला, 1943 ला पूर्ण झाला, 347 खोल्या. चारच वर्षांत देश स्वतंत्र! एवढं बांधून राजेशाही थाटात राहायला मिळाली चार वर्षं. पुढच्या पिढीने त्याचे तीन भाग केले: एकात घराणं स्वतः राहतं, एकात हॉटेल, एकात तिकीट काढून बघायचं म्युझियम. हॉटेल श्रीमंतांकडून कमावतं, म्युझियम आपल्यासारख्यांकडून.

आणि प्रत्येक महालाला हे जमतंच असं नाही बरं का. मी कोल्हापूरचा, लहानपणी रंकाळ्यावर भेळ खाताना समोर शालिनी पॅलेस दिसायचा, घड्याळाचा मनोरा, पुढे हिरवळ. तेही राजघराण्याचं, तेही 1980 च्या दशकात हॉटेल झालं, आणि पुढे बंद पडलं. सुंदर इमारत असणं आणि वर्षातले दोनशे दिवस खोल्या भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जयपूरला दिल्ली-आग्रा-जयपूर हा परदेशी पर्यटकांचा ठरलेला त्रिकोण मिळाला, कोल्हापूरला येणारा माणूस अंबाबाईचं दर्शन घेतो, तांबडा-पांढरा हाणतो आणि रात्रीच्या गाडीने परत जातो, महालात राहायला कशाला थांबेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जण रामबागला चहाला गेलो (नऊ जणांचं बिल झेपलं नसतं). आधी फोन करून विचारून जा, असंच आत सोडत नाहीत. लांबलचक व्हरांडा, समोर हिरवळ, त्यावर मोर अगदी आपल्या वाड्यात फिरावं तसे फिरत होते. चहासोबत छोटी सँडविचेस आली, ती मामांनी दोन घासात संपवली आणि मग बिल आलं. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावून बिल वाचलं. मी माळ्याचं 500 आणि 100 चं गणित तिथेच पेपर नॅपकिनवर काढून दाखवलं. मामा बराच वेळ त्या नॅपकिनकडे बघत होते, मग म्हणाले, "म्हणजे हा सगळा माळ्याचा पगार आपण भरतोय होय."

जाताना वेटरने हाताने दाखवलं, त्या तिकडे झाडांमागे लिलीपूल म्हणून घर आहे, राजमाता तिथे राहायच्या. गायत्रीदेवी 2009 मध्ये गेल्या, शेवटपर्यंत घर तेच, जुन्या रामबागच्याच आवारात. सून म्हणून ज्या महालात आल्या, तो झाडांपलीकडे, आणि रात्री तिथे दुसऱ्यांचे दिवे लागायचे.